सपाट तबकडीचा जनक

मुंबईच्या चोर बाजारात पितळी कर्ण्याचे जुने ग्रामोफोन विकायला असतात. बाजारात विजेवर चालणारे नवे रेकॉर्ड प्लेअरही मिळतात. दोन्हींवर फिरते ती सपाट तबकडीच. ही तबकडी जगाला देणाऱ्या संशोधकाचे नाव एमिल बर्लिनर.

बर्लिनर यांचा जन्म १८५१ साली जर्मनीतील हॅनोव्हर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. भावंडे पुष्कळ, म्हणून चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली. १८७० साली ते अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी दुकानात नोकरी केली, प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या आणि रात्री विज्ञानाचा अभ्यास केला. १८७७ साली त्यांनी टेलिफोनसाठी चांगला मायक्रोफोन तयार केला.

त्याच वर्षी एडिसन यांनी फोनोग्राफ बनवला. त्यात आवाज नळकांड्यावर उमटत असे. पण एका नळकांड्यावरून हजारो प्रती काढणे तेव्हा शक्य नव्हते. बर्लिनर यांनी नळकांडे सोडून तबकडी निवडली. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देऊन त्यांनी सुईने आवाजाच्या रेषा उमटवल्या आणि आम्लाने त्या कोरल्या. तिच्यावरून साचा करून हव्या तेवढ्या प्रती काढता येऊ लागल्या. १८८७ साली त्यांना ग्रामोफोनचे पेटंट मिळाले.

सुरुवातीला यंत्र हाताने फिरवावे लागे. हात हळू झाला की गाणेही हळू होई! एल्ड्रिज जॉन्सन या कारागिराने त्याला किल्लीची मोटार बसवून ही अडचण दूर केली.

पुढे धंद्यातील भांडण कोर्टात गेले. १९०० साली बर्लिनर यांना अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकण्यास मनाई झाली. तरीही ते खचले नाहीत. त्यांनी कॅनडात काम सुरू केले. १९०२ साली त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरवले.

आपली मुलगी आजारी पडल्यावर बर्लिनर यांनी मुलांना शुद्ध दूध मिळावे म्हणून मोठी चळवळ केली. १९२९ साली त्यांचे निधन झाले.

जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई जड असते. ती नव्या तबकडीला ओरखडे पाडते. म्हणून लाखेची जुनी तबकडी जुन्या यंत्रावर आणि नवी तबकडी नव्या यंत्रावर वाजवावी. यंत्रे बदलली, पण बर्लिनर यांची सपाट तबकडी मात्र अजून फिरतेच आहे.