देवराज अर्स : बेरीज मतांची, जमीन कुळांची

विधानसौधातील सत्ता जातींच्या बेरजेवर चालते, हे बंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी माणसाला लवकरच उमगते. ही बेरीज नव्याने मांडली ती देवराज अर्स यांनी. २० ऑगस्ट १९१५ रोजी हुणसूर तालुक्यातील कल्लहळ्ळी येथे जन्मलेले अर्स १९४१ मध्ये म्हैसूर प्रतिनिधी सभेत आले. त्यांचा अरसू समाज संख्येने नगण्य होता. १९५६ ते १९७१ या काळात मुख्यमंत्रिपद सातत्याने लिंगायत नेत्यांकडे होते आणि विधिमंडळावर लिंगायत व वक्कलिग या दोन समाजांचा वरचष्मा होता.

१९७२ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर अर्स यांनी विखुरलेल्या मागास जाती, दलित आणि अल्पसंख्याक यांचे प्रतिनिधी एकत्र बांधले. यातील कोणताही गट एकट्याच्या बळावर कायदा संमत करून घेऊ शकत नव्हता. एकाला जमीन हवी होती, दुसऱ्याला नोकरीतील वाटा. परस्परांच्या मागणीला मत देण्याच्या या अलिखित सौद्यातून १९७४ चा सुधारित जमीन कायदा आला आणि हावनूर आयोगाचा १९७५ चा अहवाल राजकारणाच्या केंद्रस्थानी पोहोचला. १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातील जमीन सरकारजमा होऊन ती कुळांच्या नावे करण्याची प्रक्रिया सुरू झाली. जमीन न्यायाधिकरणांत अशासकीय सदस्य बसले आणि तेथे वकिलांना मज्जाव होता. मुंबई राज्याच्या कूळकायद्याखाली राहिलेल्या बेळगावकरांना हा विषय परिचित. जुन्या म्हैसुरातील कुळांना मात्र तो मोठा दिलासा होता.

प्रत्येक सौद्याची किंमत कोणीतरी मोजतोच. कॉफी व वेलदोड्याचे मळे कायद्याबाहेर राहिले. तेथील मजुरांना या फेरवाटपातून काहीच मिळाले नाही. कुळांना दिलेल्या जमिनीवरच गुजराण असलेले लहान जमीनमालकही भरडले गेले. सौद्याच्या बैठकीत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या वाट्याला तोटा आला.

३१ डिसेंबर १९७७ रोजी राष्ट्रपती राजवट लागली. १९७८ मध्ये अर्स पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत त्यांनी इंदिरा गांधींना साथ दिली, पण १९७९ मध्ये दोघांचे फाटले. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने राज्यातील २८ पैकी २७ जागा जिंकल्या आणि अर्स यांचे आमदार रातोरात पलीकडे गेले. एकेकाळचे सहकारी गुंडूराव मुख्यमंत्री झाले.

हाही मतांचाच व्यवहार होता. पहिल्या व्यवहाराच्या बदल्यात कायदा मिळाला होता; दुसऱ्यात बदलली ती केवळ खुर्ची. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने दुसऱ्याला आवर घालू पाहिला, मात्र पक्षादेशाच्या सक्तीमुळे आमदाराची धोरणावरील सौदाशक्तीही आटली.

६ जून १९८२ रोजी अर्स यांचे निधन झाले. बहुमत त्यांच्या हयातीतच विरघळले होते. सात-बाराच्या धर्तीवरील पहाणीपत्रकात चढलेली कुळांची नावे मात्र कोणत्याही पक्षांतराने पुसली गेली नाहीत.