धर्म, शाळा आणि सयाजीराव महाराज

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेले गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक येऊन श्रीमंत सयाजीराव झाले. मांडवी भागातील मध्यवर्ती ग्रंथालयामुळे त्यांचे नाव आपणां वाचकांच्या परिचयाचे आहे. धर्माविषयीची त्यांची भूमिका मात्र क्वचितच आठवली जाते. १८९६ मध्ये त्यांनी राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने सुरू केले. वाद पेटला, तरी आपल्या घरचा विधी कोणता असावा हे त्यांनी स्वतःच ठरविले.

प्रजेचे काय? १९०६ पासून प्राथमिक शिक्षण संस्थानभर मोफत व सक्तीचे होते. १९१५ च्या हिंदू पुरोहित कायद्याने परीक्षेची आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला समजावून देण्याची जबाबदारी पुरोहितांवर टाकली. हीही सक्तीच, आणि भिक्षुकांना ती जाचली असणार. पण तिचा रोख यजमानाच्या श्रद्धेवर नव्हता, अज्ञानावर होता, असे आम्हांस वाटते. बडोदा कॉलेजात तर सर्व धर्मांचा तौलनिक अभ्यास सुरू झाला आणि त्यासाठी आल्बन विजरी हे प्राध्यापक नेमले गेले. तेथे धर्म हा अध्ययनाचा विषय होता.

१९३३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे उद्घाटन महाराजांनीच केले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.