रिपोर्टमधलं सोडियम-पोटॅशियम आणि हम्फ्री डेव्ही

रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'सीरम इलेक्ट्रोलाइट्स'खाली सोडियम आणि पोटॅशियम ही नावं तुम्ही पाहिली असतील. ती ठेवणारे हम्फ्री डेव्ही खरं तर डॉक्टरच व्हायचे.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील पेन्झन्स गावी झाला. वडील लवकर वारले आणि १७९५ मध्ये ते गावातल्या एका सर्जनच्या हाताखाली शिकू लागले. पुढे ब्रिस्टलला, वायूंनी आजार बरे करू पाहणाऱ्या एका संस्थेत, त्यांनी नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून पाहिला. त्याने वेदना कमी होते, ऑपरेशनच्या वेळी तो उपयोगी पडेल, असं त्यांनी १८०० साली पुस्तकात लिहिलंही. कुणी मनावर घेतलं नाही. रुग्णांना भूल मिळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. याची चुटपुट मला अजून लागते.

१८०१ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. कॉस्टिक पोटॅश हा दाहक पदार्थ तोवर कुणालाच फोडता आला नव्हता. ऑक्टोबर १८०७ मध्ये डेव्हींनी त्यातून मोठ्या बॅटरीची वीज सोडली. पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले आणि काही तर तिथेच पेटले. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचले म्हणतात! हे पोटॅशियम. थोड्याच दिवसांत कॉस्टिक सोड्यातून सोडियमही मिळालं.

हे धातू चाकूने कापता येतात इतके मऊ असतात. त्यांच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो ते चटकन देऊन टाकतात. पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला की हायड्रोजन सुटतो, उष्णतेने पेटतो आणि जांभळट ज्योत दिसते. म्हणून हे धातू तेलात बुडवून ठेवतात.

मग असला धातू आपल्या अंगात कसा चालतो? कारण शरीरात धातू नसतोच. इलेक्ट्रॉन गमावून बसलेला आयन असतो आणि तो पाण्यात निवांत राहतो. पण त्याचं प्रमाण मात्र सांभाळावं लागतं. रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातही, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

ओपीडीत मला नेहमी विचारतात, बीपी आहे तर 'लो सोडियम' मीठ घेऊ का? त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नका.

त्या शोधानंतर महिन्या-दीड महिन्यातच डेव्ही इतके आजारी पडले, की जगतात की नाही अशी स्थिती झाली. बरे होऊन १८०८ मध्ये त्यांनी कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम वेगळे केले. या गटाला दोन इलेक्ट्रॉन द्यायचे असतात, त्यामुळे त्यांचा तडाखा थोडा कमी. कॅल्शियम पाण्यात नुसते बुडबुडे सोडतं, तर मॅग्नेशियमवर थंड पाण्याचा परिणाम फारच सावकाश होतो. बेरियमचे पाण्यात विरघळणारे क्षार विषारी आहेत. एक्स-रेआधी तुम्हाला पाजतात ते बेरियम सल्फेट. ते विरघळत नाही, म्हणून अंगात न मुरता शौचावाटे बाहेर पडतं.

१८१२ मध्ये प्रयोगातल्या स्फोटाने त्यांच्या डोळ्याला इजा झाली. १८१५ मध्ये त्यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला. नंतर पक्षाघात झाला. हवापालटासाठी युरोपात फिरत असताना २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात ते वारले. वय अवघं ५०. त्यांच्या डॉक्टरांकडे बीपी मोजायचं यंत्र नव्हतं.