नाथमाधवांची अद्भुत सृष्टी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो आणि सहलीला निघालेली मुले हटकून विचारतात, तिथे वर कोण राहत होते? क्रमिक पुस्तक या प्रश्नाला सनावळीने उत्तर देते आणि मुलांची जिज्ञासा तेथेच मावळते. सनावळ्या त्यांना नकोच असतात. त्या कड्यावर संकटात सापडलेला एक माणूस हवा असतो. मराठीत हे ज्याने फार लवकर ओळखले, तो लेखक स्वतःच एका कड्यावरून कोसळलेला होता.

द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. कुलाब्याच्या तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी आणि शिकारीचा नाद, असे त्यांचे तारुण्य चालले होते. १९०५ साली शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून पडले. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. वय अवघे तेवीस. इस्पितळातील त्या दीर्घ मुक्कामात ग्रंथांची सोबत लाभली आणि वाचता वाचता ते लिहू लागले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’. (तांडेल हा शब्द पनवेलच्या कोळीवाड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.) १९१३ मध्ये ‘वीरधवल’ आली आणि काल्पनिक राजेरजवाड्यांच्या त्या जगात कुमारवयीन वाचकांच्या पिढ्या हरवून गेल्या.

अशा कादंबऱ्यांनी मुले बिघडतात, अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार जुनीच आहे. समीक्षकांनीही हरिभाऊ आपट्यांच्या पंक्तीला नाथमाधवांना बसविले नाही. योगायोगांचा सुकाळ, सुष्टदुष्टांची ढोबळ विभागणी, हे दोष नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ चमत्कारांवर वाचक रात्र जागवीत नाही. चमत्काराचे नवल दहा पानांत ओसरते. नायक या पेचातून सुटेल काय, ही काळजी मात्र शेवटच्या पानापर्यंत पुरते. चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जिवाची अशी काळजी वाटणे हा त्याच्या मनाचा विस्तार होय. त्याला पलायन म्हणणे अन्यायाचे आहे. हॅरी पॉटर मराठीत आल्यावर आपली मुले त्यात बुडाली ती काही निव्वळ जादूच्या कांडीसाठी नव्हे. पोरक्या हॅरीचे काय होणार, याची त्यांना धास्ती होती.

नाथमाधव अद्भुताच्या चाकोरीत अडकून पडले नाहीत. ‘डॉक्टर’सारख्या सामाजिक कादंबऱ्यांतून त्यांनी स्त्रियांच्या प्रश्नांना हात घातला. पुढे ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून शिवकाळावरील कादंबऱ्यांची मालिका त्यांनी लिहिली. २१ जून १९२८ रोजी, शेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या गडांवर त्यांना पुन्हा पाऊल ठेवता आले नाही, त्यांच्याच वाटा त्या मालिकेतून वाचक अजून चढतात.