इंदिरा गांधी आणि किनाऱ्यावरची पाचशे मीटरची रेघ

नवी दिल्ली : दिल्लीला समुद्र नाही, तरीही देशाच्या किनाऱ्यांचे भवितव्य गेली अनेक दशके याच शहरातील कार्यालयांत ठरत आले आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापनाही १ जानेवारी १९६६ रोजी दिल्लीतच झाली. गोव्यात दोनापावला येथे ती गेली नंतर. त्याच जानेवारीच्या २४ तारखेला इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. मात्र पुढील अठरा वर्षांत भारतीय समुद्राविषयी जे मोठे निर्णय झाले, त्यांतील बहुतेकांवर या एकाच व्यक्तीची मोहोर उमटली. बँकांचे राष्ट्रीयीकरण, बांगलादेश युद्ध आणि आणीबाणी यांच्या गदारोळात त्यांच्या चरित्राचा हा भाग सहसा मागे पडतो.

१९ नोव्हेंबर १९१७ रोजी अलाहाबादेत जन्मलेल्या या मुलीचे बालपण गंगा-यमुनेच्या काठी गेले. समुद्र तिच्याकडे प्रथम आला तो बहुधा कागदावरून. १९२८ च्या उन्हाळ्यात दहा वर्षांची इंदिरा मसुरीला असताना जवाहरलाल नेहरूंनी तिला पत्रे लिहिली. पृथ्वी कशी निवत गेली, सागर कसे भरले आणि सजीवांची सुरुवात पाण्यातल्या मऊ, अस्थिहीन जीवांपासून कशी झाली, हे त्यांत सोप्या भाषेत सांगितले होते. पुढच्या वर्षी ती पत्रे पुस्तकरूपाने आली, प्रेमचंदांनी ती हिंदीत नेली आणि देशातील कितीतरी मुलांना समुद्राच्या विज्ञानाची पहिली ओळख त्या छोट्या पुस्तकाने करून दिली.

आई-वडील वारंवार तुरुंगात असल्याने १९३१ ते १९३४ या काळात इंदिरा पुण्यात वकील दांपत्याच्या शाळेत शिकली. मॅट्रिकची परीक्षाही तिने मुंबई विद्यापीठाचीच दिली. त्यानंतर शांतिनिकेतन, युरोप आणि ऑक्सफर्ड. १९४१ मध्ये युद्धामुळे नेहमीचा मार्ग बंद असल्याने इंग्लंडहून परतताना तिच्या जहाजाला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मुंबई गाठावी लागली. निसर्गाची ओढ मात्र डोंगर आणि पक्ष्यांकडे अधिक होती. समुद्र त्यांच्या विचारात आला तो पुढे, राज्यकारभाराच्या वाटेने.

१९६९ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची महासभा दिल्लीत भरली आणि तिचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज बोलणाऱ्या त्या एकमेव सरकारप्रमुख होत्या. गरिबी आणि प्रदूषण यांचा संबंध त्यांनी तेथे जोडला, त्याची चर्चा आजही होते. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वाघासाठी ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याच्या छत्राखाली समुद्रगायीलाही जागा मिळाली आणि १९७७ मध्ये ऑलिव्ह रिडले कासव पहिल्या अनुसूचीत आले. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला कासवांची पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी आज पुण्या-मुंबईची कुटुंबे पहाटे वाळूत उभी राहतात. त्या दृश्यामागे या अनुसूचीचेही बळ आहे.

१९७६ चा सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा आणीबाणीतला. विरोधक तुरुंगात आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर, अशा काळात संसदेने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर भारताचा आर्थिक हक्क सांगितला. निर्णय दूरदृष्टीचा होता. पण ज्या संसदेने तो घेतला तिची अवस्था विसरून त्याचे कौतुक करता येत नाही.

जानेवारी १९८० मध्ये त्या पुन्हा सत्तेवर आल्या आणि समुद्राच्या दृष्टीने खरी वर्षे सुरू झाली. त्याच वर्षी स्वतंत्र पर्यावरण विभाग निघाला. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या संशोधन नौकेने हिंदी महासागराच्या तळातून मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्टयुक्त गोटे वर काढले. जुलैमध्ये महासागर विकास विभाग स्थापन झाला आणि तो पंतप्रधानांनी स्वतःकडे ठेवला. परकीय मासेमारी नौकांना लगाम घालणारा केंद्रीय कायदा १९८१ चा. राज्यांच्या जलधिक्षेत्रात यांत्रिक नौका आणि पारंपरिक कोळी यांच्यातील संघर्षाला नियमांत बसवू पाहणारा महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदाही त्याच वर्षीचा.

त्यानंतर अंटार्क्टिका. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ‘पोलार सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी हिमखंडावर उतरली. तोवर सर्वसामान्य भारतीयाच्या मनातला समुद्र म्हणजे जुहूची चौपाटी, भेळ आणि चित्रपटातले गाणे. या मोहिमेने समुद्रविज्ञान वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आणि शाळेच्या सामान्यज्ञानाच्या वहीत नेले. १९८३ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ तळावर टपाल कार्यालय सुरू झाले, ते गोवा टपाल विभागाच्या अखत्यारीत. पत्रावर दक्षिण ध्रुवप्रदेशाचा शिक्का मिळावा म्हणून धडपडणारे तिकीटसंग्राहक तेव्हापासून गावोगावी आहेत.

मात्र अंटार्क्टिकेच्या झगमगाटात झाकला गेलेला, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने कितीतरी मोठा, निर्णय मोहीम निघण्याच्या काही दिवस आधीचा आहे. नोव्हेंबर १९८१ च्या अखेरीस पंतप्रधानांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र पाठवले. किनाऱ्यांची होत असलेली दुर्दशा थांबवावी आणि भरतीरेषेपासून किमान ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मोकळा ठेवावा, असा त्याचा आशय होता. कारखाने व शहरांच्या सांडपाण्यापासूनही किनारे वाचवण्यास त्यांनी सांगितले होते.

मराठी वाचकाला यातली एक विसंगती सहज दिसेल. त्याच वर्षी १९ एप्रिलला मुंबईतील नव्या विधानभवनाचे उद्घाटन इंदिरा गांधी यांच्याच हस्ते झाले होते आणि ती वास्तू बॅकबेमध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभी आहे. अलिबागजवळ थळ-वायशेतचा खत प्रकल्पही मुंबईतील पर्यावरणवाद्यांचा विरोध असताना त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीतील परिषदेनंतर विसाव्यासाठी गेले, ते गोव्यातल्या आग्वादच्या किनाऱ्यावर. उद्योग, प्रतिष्ठा आणि निसर्ग यांत निवड करण्याची वेळ आली की त्यांचा कौल दर वेळी निसर्गाच्या बाजूने पडला, असे म्हणता येणार नाही.

त्या पत्राची ताकद आणि दुबळेपणा एकाच गोष्टीत होता. तो कायदा नव्हता, पंतप्रधानांची इच्छा होती. इच्छा व्यक्त करणारी व्यक्ती सामर्थ्यवान असेपर्यंत मुख्यमंत्र्यांना ती डावलणे अवघड होते. १९८३ मध्ये किनाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली, पण त्यांनाही कायद्याचे दात नव्हते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सफदरजंग मार्गावरील निवासस्थानी अंगरक्षकांनी त्यांची हत्या केली. त्यांच्या अस्थी हिमालयावर विखुरण्यात आल्या.

पत्रातली रेघ कायद्यात उतरायला आणखी सहा वर्षांहून अधिक काळ गेला. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासूनचे ५०० मीटर हे किनारा नियमन क्षेत्र, म्हणजेच आज सर्वपरिचित असलेले सीआरझेड, ठरले. ग्रामीण किनाऱ्यांवर त्यातील पहिले २०० मीटर बांधकामाला बंद झाले. कोकणातील कोळीवाड्यांना स्वतःचे घर दुरुस्त करतानाही या नियमांची अडचण झाली, ही तक्रार खरी आहे. सवलती मात्र पुढे हॉटेले आणि बांधकाम व्यावसायिकांच्याही पदरात पडत गेल्या. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत ही २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आणली. महासागर विकास विभागाचे २००६ मध्ये मंत्रालयात रूपांतर झाले. ते दिल्लीतच, लोधी मार्गावरील पृथ्वी भवनात आहे.

त्यांचे नाव समुद्रकाठी जेथे उरले, ती जागा ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला आहे. १९८४ च्या फेब्रुवारीत त्या तेथील दीपगृहापर्यंत गेल्या होत्या. भारताच्या या दक्षिणतम भूभागाला त्यांच्या मृत्यूनंतर इंदिरा पॉइंट हे नाव मिळाले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात तेथील जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. त्याच बेटावरील गलाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये काढण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी तेथे मोठे बंदर उभारण्याच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. हिवाळ्याच्या रात्री लेदरबॅक कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी वर येतात, ती वाळू याच उपसागराची.