भाषांतराला बसलेले भिक्खू : ह्युएनत्संग

ह्युएनत्संगांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असते. हर्षवर्धनाच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी, त्याने प्रवासवर्णन लिहिले, एवढे पाठ केले की परीक्षेचे काम भागत असे. हल्लीच्या पुस्तकांत युआन श्वांग असे नाव असते, ते हेच. पण प्रवासी ही त्यांची ओळख फार तर निम्मी म्हणावी. प्रवासात त्यांची सुमारे सोळा-सतरा वर्षे गेली, आणि त्यानंतरची एकोणीस वर्षे ते एका जागी बसून भाषांतर करीत होते. प्रवास केला तोही भाषांतरासाठीच. विहाराच्या या वर्धापनदिन अंकात आम्ही त्यांचे चरित्र सांगतो आहोत ते याच बाजूने.

त्यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास चीनच्या हेनान भागात, लोयांग शहराजवळ झाला. घराणे चेन, घरात विद्येची परंपरा. चार भावांत ते सर्वांत धाकटे. वडील लवकर वारले. एक थोरला भाऊ भिक्खू झालेला होता, त्याच्या मागे मागे हे विहारात जाऊ लागले आणि तेराव्या वर्षी तिथलेच झाले. पुढे राज्य बदलले, लढाया आणि दुष्काळ सुरू झाले, तेव्हा दोघे भाऊ दूर चेंगदूला गेले. तिथे विसाव्या वर्षी त्यांना उपसंपदा मिळाली.

अडचण अशी होती की जितके वाचावे तितका गोंधळ वाढे. चीनमध्ये तोवर बुद्धग्रंथांची भाषांतरे होऊन चार-पाचशे वर्षे लोटली होती. कुणी मध्य आशियातून आलेले, कुणी भारतातले, कुणी चिनी. एकाच शब्दाला चार जणांनी चार अर्थ दिलेले. काही ग्रंथ अर्धेच आलेले. आचार्यांचे गट पडले होते आणि प्रत्येक जण आपापली प्रत दाखवून भांडत होता.

आपल्या निघोजे-चाकण पट्ट्यात कारखान्यात जाणाऱ्या मंडळींना हे चटकन कळेल. परदेशी यंत्राबरोबर माहितीपुस्तिका येते. कुणी अर्धवट समजून तिचे भाषांतर केलेले असले, तर बटण आधी दाबायचे की झडप आधी उघडायची इथेच माणूस अडतो. मग एखादा जुना जाणता फिटर म्हणतो, ते राहू द्या, मूळ पुस्तिका आणा. ह्युएनत्संगांनी हेच ठरवले. फक्त त्यांची मूळ पुस्तिका वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात, नालंदेला होती. त्यांना विशेष करून योगाचारभूमिशास्त्र हा मोठा ग्रंथ सबंध हवा होता.

त्या वेळी सरहद्द ओलांडायला राजाची बंदी होती. त्यांनी अर्ज केला, तो नामंजूर झाला. इ.स. ६२९ च्या सुमारास (काही अभ्यासक ६२७ म्हणतात) ते परवानगी नसतानाच निघाले. पुढे वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याने वास काढत त्यांना हिरवळीपाशी नेले. तो घोडा त्या वाटेने पूर्वी अनेकदा गेलेला होता म्हणे. तुर्फानच्या राजाला तर ते इतके आवडले की तो त्यांना जाऊच देईना. यांनी अन्नपाणी सोडले तेव्हा राजा वरमला, आणि पुढच्या राजांना पत्रे, घोडे, पैसा देऊन त्याने त्यांची पाठवणी केली.

समरकंद, बामियान करीत ते काश्मीरला पोचले. तिथल्या राजाने पोथ्यांच्या नकला करायला वीस लेखनिक दिले. दोन वर्षे ते तिथे राहिले. मग गंगेच्या खोऱ्यातून नालंदा. तिथले प्रमुख आचार्य शीलभद्र अतिशय वृद्ध होते, परंपरा तर शंभरी ओलांडलेले सांगते. त्यांनी या परदेशी शिष्याला तो ग्रंथ पहिल्यांदा शिकवायला पंधरा महिने घेतले. ह्युएनत्संगांनी तो तीनदा ऐकला. ग्रंथ एकदा ऐकून भागत नाही, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे. नालंदेत त्यांची एकूण पाच वर्षे गेली. संस्कृत व्याकरण आणि तर्कशास्त्रही त्यांनी तिथेच पक्के केले.

आता आपल्या जवळचा भाग. दक्षिणेत कांचीपर्यंत जाऊन कोकणाकडून ते महाराष्ट्रात आले. ही गोष्ट इ.स. ६४१ च्या आसपासची. राज्य चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचे होते. त्याने हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवले होते, त्याची नोंद या भिक्खूंनीही केली आहे. इथल्या माणसांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते वाचून आजही गंमत वाटते. माणसे उंच, मानी आणि साधी. उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवतात. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा नाही, नुसते बायकांचे कपडे द्यायचे. बायकांचे कपडे म्हणजे अपमान, ही समजूत तेव्हाही होती तर! आमच्या भगिनी यावर काय म्हणतील ते आम्ही त्यांच्यावर सोपवतो.

महाराष्ट्रात त्यांनी शंभराहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू मोजले. पूर्वेच्या डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचे आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचे वर्णनही आहे. ते अजिंठ्याचे असावे असे विद्वान मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी हत्ती आजही आहेत. बुद्धमूर्तीच्या उंचीचे आकडे मात्र त्यांनी फारच फुगवले आहेत, तिथे ते बहुधा ऐकीव माहितीवर गेले. ते आले तेव्हा आपल्याजवळच्या कार्ले-भाजे-बेडशाची लेणी कोरून कितीतरी शतके झालेली होती.

परतताना सिंधू नदीत होडी कलंडली आणि पन्नासेक पोथ्या वाहून गेल्या. ते थांबले, माणसे पाठवून नकला करवून घेतल्या. इ.स. ६४५ च्या आरंभी ते चांगआन या राजधानीत, म्हणजे आजच्या शिआन शहरात पोचले. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. लपून गेलेल्या माणसाचे स्वागत करायला सारे शहर रस्त्यावर आले.

सम्राट ताई-त्सुंगने त्यांना चीवर सोडून मंत्री व्हायला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि भाषांतरासाठी जागा व माणसे मागितली. सम्राटाला पश्चिमेकडच्या देशांची माहिती हवी होती, म्हणून त्यांनी ६४६ साली ते प्रसिद्ध प्रवासवर्णन तयार करून दिले. म्हणजे ज्या पुस्तकामुळे आपण त्यांना ओळखतो, ते एका परीने सरकारी काम होते! अर्थात त्याचेही उपकार थोडे नाहीत. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनी बौद्ध स्थळे शोधली ती हे पुस्तक हाताशी धरून. श्रावस्ती, नालंदा कुठे होती हे आज आपण सहलीच्या पत्रकात छापतो, त्यामागे ही वही आहे.

भाषांतराचे काम एकट्याचे नव्हते. अर्थ तपासायला बारा भिक्खू, वाक्ये जुळवायला नऊ, चिनी अक्षरांसाठी एक, संस्कृत ताडून पाहायला एक, शिवाय लेखनिक. दिवसाचे काम राहिले तर रात्री बसायचे. मध्यरात्रीनंतर थोडी झोप, पहाटे उठून त्या दिवशीचा संस्कृत मजकूर मोठ्याने वाचून लाल शाईने खुणा करायच्या.

काही शब्द भाषांतरित न करता मूळ उच्चारानेच ठेवावेत असा त्यांचा नियम सांगतात. त्याची पाच कारणे होती. सगळी देत बसत नाही, पण दोन-तीन ऐकण्यासारखी आहेत. जांभळाचे झाड चीनमध्ये नाही, तर त्याला उगाच दुसऱ्या झाडाचे नाव का द्यायचे? तो शब्द तसाच ठेवा. भगवत् या शब्दाला सहा अर्थ, एक निवडला की पाच गेले. आणि प्रज्ञा. चिनी भाषेत शहाणपणाला शब्द होता, पण तो वापरला की प्रज्ञेची उंची उतरते असे त्यांना वाटे. आपल्या घरांतून मुलींचे नाव प्रज्ञा ठेवतात आणि आपणही रोज प्रज्ञा, शील, करुणा म्हणतो. इतक्या दूरच्या माणसाला हा शब्द हलवू नये असे वाटले, याचे आम्हांला अप्रूप वाटते.

भारताशी त्यांचा पत्रव्यवहारही चालू होता. शीलभद्र गेल्याची बातमी कळली तेव्हा त्यांनी बोधगयेच्या एका आचार्यांना पत्र लिहून दुःख कळवले, आणि त्याच पत्रासोबत सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी पाठवली. जमल्यास पाठवा, ही विनंती. नदी ओलांडून दहा वर्षे होत आली होती, तरी यादी डोक्यात होती.

शेवटचे मोठे काम महाप्रज्ञापारमितेचे. मूळ ग्रंथ दोन लाख श्लोकांएवढा आणि पुनरुक्तीने भरलेला. शिष्य म्हणाले, थोडे गाळू या. आधीचे थोर भाषांतरकार कुमारजीव यांनी असे गाळले होते आणि त्यांची भाषा लोकांना आवडतही होती. वय साठीकडे झुकलेले, प्रकृती खालावलेली, तेव्हा ह्युएनत्संगही तयार झाले. पण चरित्रकार सांगतात की त्या रात्री त्यांना भयंकर स्वप्ने पडली. कड्यावरून पडतो आहे, श्वापदे अंगावर येत आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकही ओळ सोडायची नाही असे सांगितले. स्वप्नांवर कुणी विश्वास ठेवो न ठेवो. आम्हांला त्यात इतकेच दिसते की गाळण्याच्या विचाराने या माणसाची झोप उडाली. कुमारजीवांची सुटसुटीत भाषांतरे आजही चीनमध्ये अधिक म्हटली जातात हे खरे. तरीही सोपे करण्याच्या नावाखाली कापाकापी करणाऱ्यांपेक्षा आमचा कौल ह्युएनत्संगांनाच.

इ.स. ६६० ला सुरू केलेले ते काम ६६३ च्या अखेरीस ६०० खंडांत पूर्ण झाले. लगेच शिष्यांनी पुढचा मोठा ग्रंथ पुढे ठेवला. त्यांनी काही ओळी केल्या, पोथी मिटली आणि आता शक्ती उरली नाही असे सांगितले. काही आठवड्यांतच, ६६४ साली, ते गेले. एकूण पंचाहत्तरच्या आसपास ग्रंथ, तेराशेहून अधिक खंड.

पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदा उद्ध्वस्त झाली आणि कितीतरी मूळ पोथ्या नाहीशा झाल्या. योगाचारभूमीचे संस्कृत हस्तलिखित १९३८ साली राहुल सांकृत्यायनांना सापडले ते तिबेटात. आज असे अनेक ग्रंथ केवळ चिनी किंवा तिबेटी भाषांतरात उरले आहेत. भारताचे ग्रंथ वाचायला चिनी शिकावे लागते, अशी वेळ आली.

ते कष्ट घेणारे आपल्या पुण्यातही झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातले प्रा. पु. वि. बापट हे धर्मानंद कोसंबींचे विद्यार्थी. विमुत्तिमग्ग या पाली ग्रंथाची मूळ प्रत हरवलेली, सहाव्या शतकातले चिनी भाषांतर तेवढे शिल्लक. बापटांनी चिनी शिकून ते वाचले, विसुद्धिमग्गाशी ओळीने ओळ ताडून पाहिले आणि १९३७ साली तो अभ्यास पुण्यातच छापला. हे भाषांतर ह्युएनत्संगांचे नव्हे, त्यांच्या आधीचे. पण काम तेच, फक्त उलट्या दिशेने.

ह्युएनत्संगांचा म्हणून मानला जाणारा अस्थिधातू १९५७ साली चीनने भारताला दिला. नालंदेला त्यांच्या नावाचे स्मारक भवन आहे, ते २००७ साली खुले झाले. धम्मसहलीला जाणाऱ्यांनी भग्नावशेष पाहून झाल्यावर गाडीकडे वळण्याआधी तिथे अर्धा तास काढावा. मुलांना सोबत घ्यावे.