रेज्जो एमिलियाचे गुरुजी

शिक्षणाची एखादी नवी पद्धती निघाली, म्हणजे बहुधा ती तिच्या जनकाच्या नावाने ओळखली जाते. इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांचे नाव असलेली बालमंदिरे आपल्या देशातही निघाली. परंतु त्याच इटलीत बालशिक्षणाची आणखी एक पद्धती उदयास आली आणि तिला नाव मिळाले ते एका नगराचे. उत्तर इटलीतील त्या नगराचे नाव रेज्जो एमिलिया. ही पद्धती ज्यांनी आयुष्यभर जोपासली, ते शिक्षक म्हणजे लॉरिस मालागुत्सी. त्यांचे नाव मागे राहून नगराचे नाव पुढे का आले, हे त्यांच्या चरित्रावरून कळून येते.

मालागुत्सी यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९२० रोजी रेज्जोजवळच्या कोर्रेज्जो या गावी झाला. त्यांचे बालपण मुसोलिनीच्या हुकूमशाहीत गेले. वरून आलेली आज्ञा निमूटपणे पाळावी, शंका विचारू नये, हीच त्या काळची शिकवण होती. पुढे ते शिक्षक झाले आणि युद्धाच्या धामधुमीत एका डोंगराळ खेड्यात मुलांना शिकवू लागले.

१९४५ च्या वसंत ऋतूत इटलीतील युद्ध संपले. घरेदारे उद्ध्वस्त झाली होती. अशा दिवसांत मालागुत्सींच्या कानी एक विलक्षण वार्ता आली. रेज्जोजवळच्या व्हिल्ला चेल्ला या खेड्यातील लोक आपल्या चिमुकल्या मुलांसाठी स्वतःच शाळा बांधीत होते! त्यांना ते खरे वाटेना. ते सायकलवर बसून तडक तेथे गेले.

पाहतात तो काय, बॉम्बवर्षावाने पडलेल्या घरांच्या विटा गोळा करून गावातील स्त्रिया त्या धूत बसल्या होत्या. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही मालमोटारी आणि घोडे विकून गावकऱ्यांनी पैसा उभा केला होता. एका शेतकऱ्याने जमीन दिली, नदीने वाळू दिली, आणि श्रम तर सर्वांचेच होते. ज्या रणगाड्याने माणसे मारावयाची, त्याच्या मोलातून बालकांची शाळा उभी राहत होती. आपण शिक्षक आहोत, असे मालागुत्सींनी सांगताच त्या मातांनी त्यांना आपली मुले शिकविण्याची गळ घातली. श्रीमंतांच्या मुलांइतकीच आपली मुलेही बुद्धिमान आहेत, असा त्या कष्टकरी स्त्रियांचा दृढ विश्वास होता. त्या विश्वासाने पंचवीस वर्षांच्या या शिक्षकाच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

काही काळाने त्यांनी सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि रोमला जाऊन मानसशास्त्राचा अभ्यास केला. परत आल्यावर अभ्यासात अडचणी येणाऱ्या मुलांसाठी नगरपालिकेने काढलेल्या केंद्रात ते काम करू लागले. उरलेला वेळ ते पालकांनी चालविलेल्या बालशाळांना देत. या शाळांजवळ द्रव्य नव्हते, पण उत्साहाला तोटा नव्हता.

१९६३ साली रेज्जोच्या नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा उघडली. तिचे नाव रॉबिन्सन. लहान मुलांची शाळा नगरपालिकेने चालवावी, ही कल्पना तेव्हा अनेकांना रुचली नाही. मालागुत्सी वाद घालीत बसले नाहीत. आठवड्यातून एकदा ते मुलांना व त्यांच्या साहित्याला मालमोटारीतून शहरात नेत आणि चौकात, उद्यानात किंवा नाट्यगृहाच्या स्तंभांखाली शाळा भरवीत. येणारेजाणारे लोक थांबत, मुलांचे काम पाहून चकित होत आणि प्रश्न विचारीत. हळूहळू संशय मावळला व नगर शाळेचे झाले.

मूल हे रिकामे भांडे नव्हे, ते स्वतः विचार करू शकते, असे मालागुत्सी मानीत. बोलणे ही मुलाची केवळ एक भाषा झाली. चित्र, माती, नृत्य, सावल्यांचा खेळ, बांधकाम या त्याच्या इतर भाषा होत. म्हणून बालशाळांत कलाशाळा काढून तेथे कलेचे शिक्षण घेतलेले शिक्षक नेमण्यात आले.

डायना नावाच्या बालशाळेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मुलांना वर्गातील मेजासारखे आणखी एक मेज हवे होते. सुताराने माप मागितले. मुलांना मापता येत नव्हते. शिक्षकांनी लगेच मोजपट्टी हाती दिली नाही, ते थांबले. मुलांनी मुठी, विती आणि पाय लावून पाहिले. प्रत्येकाचे उत्तर निराळे! अखेरीस एका मुलाचा बूट सर्वांचे माप ठरला. माप सर्वांना एकच हवे, हे त्यांना कुणी सांगितले नाही, त्यांनी ते शोधून काढले. त्यानंतर मोजपट्टीचे महत्त्व त्यांना किती कळले असेल!

१९९१ साली अमेरिकेतील न्यूजवीक साप्ताहिकाने डायना शाळेची गणना जगातील उत्कृष्ट शाळांत केली. देशोदेशींचे शिक्षक रेज्जोला येऊ लागले. ३० जानेवारी १९९४ रोजी मालागुत्सी निवर्तले. त्यांची पद्धती आज जगभर रेज्जो एमिलिया या नावाने ओळखली जाते, आणि ते योग्यच आहे. ज्ञान मालागुत्सींनी दिले, परंतु पहिली वीट धुतली ती तेथील मातांनी. त्यांच्याकडून शिकण्यात या शिक्षकाला कमीपणा वाटला नाही, यातच त्यांचे थोरपण आहे.